जुन्या एचएलपी हेल्प फाइल्स बदलायच्यात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे पान त्यांच्यासाठी आहे ज्यांचं सॉफ्टवेअर व्हीबी ६, डेल्फी किंवा व्हिज्युअल सी++ मध्ये लिहिलेलं आहे, पतसंस्थेत, मेडिकलमध्ये, कारखान्याच्या काट्यावर अजून रोज चालतंय, आणि ज्याची हेल्प मात्र डॉट एचएलपी या जुन्या विनहेल्प फॉरमॅटमध्ये अडकलीय. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत, क्रमाने वाचायची गरज नाही.

एफ१ दाबलं की हेल्पऐवजी ब्राउझर उघडतो आणि मायक्रोसॉफ्टचं कुठलंतरी पान येतं. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

नाही, तुमचं सॉफ्टवेअर ठीक आहे, फाइल पण ठीक आहे, ती वाचणारा प्रोग्रामच आता विंडोजमध्ये नाही. विनहेल्प आलं १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं प्रत्येक विंडोजमध्ये ते वाचणारं काहीतरी असायचंच, नंतरच्या विंडोजमध्ये विनएचएलपी३२ डॉट ईएक्सई या नावाचं. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ते काढून टाकलं. व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ साठी वेगळं डाउनलोड तरी दिलं होतं, विंडोज १० साठी तेही दिलं नाही, ११ चा तर प्रश्नच नाही. गंमत म्हणजे विंडोजच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल आजही दिसते, त्यामुळे लोक म्हणतात "अहो आहे की इथे", पण ते म्हणजे दुकान बंद आणि नुसती पाटी शिल्लक, आत काही नाही.

एक्सपीच्या मशीनवरून ती खरी ईएक्सई कॉपी करून टाकली तर? यूट्यूबवर दाखवतात तसं.

बऱ्याच मशीनवर चालते, खोटं कशाला बोलू. पण त्यासाठी विंडोजच्या फाइलची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलरकडून, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या खात्याकडून, काढून स्वतःकडे घ्यावी लागते, आणि एखादा मोठा अपडेट आला की विंडोज स्वतःची फाइल परत बसवतं, की पुन्हा फोन सुरू. हे तुम्ही स्वतःच्या मशीनवर करा हवं तर, पन्नास गिऱ्हाइकांकडे कोण करत बसणार?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. एचएलपी फाइल दिसायला पुस्तकासारखी असली तरी तिच्यात मॅक्रो, म्हणजे छोटे आदेश, असतात, ते बाहेरचा प्रोग्राम चालू करू शकतात, डीएलएलमधलं फंक्शन बोलावू शकतात. म्हणून मायक्रोसॉफ्ट या फाइलला ईएक्सईसारखीच धोकादायक समजतं. २०१० मध्ये तर अशी भानगड निघाली होती की एखादी वेबसाइट इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये छोटा मेसेज बॉक्स दाखवून एफ१ दाबायला सांगायची आणि त्या एका एफ१ मधून विनहेल्पच्या वाटेने मशीनमध्ये घुसायची, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं की वेबसाइट सांगते म्हणून एफ१ दाबू नका. आता असं काहीतरी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या मशीनवर पुन्हा बसवायचं म्हणजे ऑडिटरला आमंत्रणच.

तुम्हाला फक्त जुनी फाइल एकदा वाचायची असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी टाका, किंवा लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइन वापरा, वाइनकडे स्वतःचा विनहेल्प वाचक आहे.

मग आता कशात जायचं? सीएचएम, वेब की सरळ पीडीएफ?

माझं मत आधी सांगतो, मग कारणं. मूळ मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये किंवा मार्कडाउनमध्ये ठेवा, एका विषयाची एक फाइल, आणि सीएचएम लागलंच तर ते त्यातून बनवा. सीएचएमला मूळ समजून बसू नका, नाहीतर दहा वर्षांनी हेच पान तुमच्या मुलाला वाचावं लागेल.

सीएचएम म्हणजे एचटीएमएल हेल्प, १९९७ मधलं. तेव्हा ते विनहेल्पचा वारस म्हणून आलं, आज ते स्वतःच म्हातारं झालंय. त्याची पानं दाखवणारं इंजिन इंटरनेट एक्स्प्लोररचं आहे, आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ११ मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये बंद केलं. इंजिन अजून विंडोजमध्ये आहे म्हणून सीएचएम चालतं, उद्या सकाळी बंद पडणार असं मी म्हणत नाही, पण नवीन काही त्यात येणार नाही हे नक्की. फायदा एकच पण मोठा: एकच फाइल, इंटरनेट नको, डावीकडे अनुक्रमणिका, सर्च आत, आणि कोडमधून बोलावण्याची पद्धत विनहेल्पच्या इतकी जवळची की काम पटकन होतं. गिऱ्हाईक तालुक्याच्या गावी आहे, नेट येतं-जातं, हेल्प इंग्लिशमध्ये आहे, अशा वेळी सीएचएम अजूनही बरं.

हेल्प मराठीत असेल तर मात्र सीएचएमच्या वाटेला जाऊ नका. पानावरचा मजकूर यूटीएफ-८ मध्ये नीट दिसतो, पण डावीकडची अनुक्रमणिका आणि इंडेक्स जुन्या कोडपेजवर, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या अक्षरांच्या तक्त्यावर, चालतात आणि देवनागरीला असं कोडपेज विंडोजमध्ये कधी नव्हतंच, म्हणून तिथे "पावती रद्द करणे" ऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते आणि सर्चही धड चालत नाही. यावर लोकांनी काय काय जुगाड केलेत, एकावरही भरवसा ठेवावा असं मला वाटत नाही. सरळ एचटीएमएलचं फोल्डर सॉफ्टवेअरबरोबर इन्स्टॉल करा आणि डिफॉल्ट ब्राउझरमध्ये उघडा.

पीडीएफ छापायला चांगली. एफ१ दाबणाऱ्या माणसाला समोरच्या स्क्रीनबद्दलचं उत्तर हवं असतं, त्याला दोनशे पानं कशाला?

आमच्याकडे सोर्स नाही. बनवणारा मुलगा कधीच सोडून गेला, फक्त एचएलपी फाइल आहे.

बहुतेकांची हीच गोष्ट आहे. एचएलपी फाइल आरटीएफ वर्ड फाइल्स, चित्रं आणि एचपीजे नावाची प्रोजेक्ट फाइल यांच्यातून कंपाइल होते, आणि हे उलटं करता येतं. हेल्पडेको नावाचं जुनं फुकट टूल आहे, कमांड प्रॉम्प्टवर त्याला एचएलपी फाइलचं नाव द्या, ते आरटीएफ, एचपीजे आणि सगळी बिटमॅप चित्रं बाहेर काढून देतं. रिकाम्या फोल्डरमध्ये चालवा कारण फाइल्सचा ढीग पडतो. शेजारची सीएनटी फाइल विसरू नका, अनुक्रमणिका त्यात असते, ती साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते.

एक गोष्ट मात्र परत मिळत नाही, ती म्हणजे विषयांची मूळ नावं. कंपाइल करताना आयडीएच_पावतीरद्द असं नाव असेल तर एचएलपीमध्ये ते नाव साठवलंच जात नाही, त्यावरून काढलेला एक आकडा, हॅश, तेवढा साठवला जातो. आकड्यावरून नाव परत काढता येत नाही, म्हणून हेल्पडेको तोच हॅश येईल असं कुठलंतरी नाव स्वतः बनवतं, आणि तुम्हाला आरटीएफमध्ये कायच्या काय अक्षरं दिसतात. घाबरू नका, लिंक्स बरोबर जुळतात. तुमच्या प्रोग्रामच्या सोर्समध्ये हेडर फाइल सापडली, जिच्यात आयडीएच वाली नावं आणि नंबर आहेत, तर ती सोन्यासारखी जपा, तिच्यावरून नावं परत लावता येतात.

आरटीएफ वर्डमध्ये उघडली तर सगळीकडे फुटनोट्स आणि दुहेरी अंडरलाइन. हे काढून टाकू का?

अजिबात नको! हेल्पचा सांगाडा तोच आहे. विनहेल्पवाल्यांनी वर्डलाच प्रोग्रामिंगची भाषा करून टाकलं होतं. प्रत्येक विषयाच्या आधी पेज ब्रेक, आणि पानाच्या सुरुवातीलाच फुटनोट्स, ज्यांची खूण आकडा नसून चिन्ह असतं. # म्हणजे विषयाची ओळख, $ म्हणजे विषयाचं शीर्षक, के अक्षर म्हणजे इंडेक्समधले शब्द, अर्धविरामाने वेगळे केलेले, + म्हणजे पुढचं-मागचं पान कुठल्या क्रमाने, आणि ! म्हणजे पान उघडताना चालणारा मॅक्रो. मजकुरात दुहेरी अंडरलाइन दिसली की ती दुसऱ्या विषयाची लिंक, एकेरी अंडरलाइन म्हणजे पॉपअप, आणि लिंक कुठे जाते ते त्याला चिकटून पुढे हिडन टेक्स्ट म्हणून लिहिलेलं असतं, वर्डमध्ये ¶ चं बटण दाबल्याशिवाय दिसत नाही.

लोक वर्डमधून सरळ "सेव्ह ॲज वेब पेज" करतात आणि मग विचारतात लिंक्स कुठे गेल्या. अंडरलाइन राहते, मागचा हिडन पत्ता मात्र एक तर गायब होतो नाहीतर वाक्याच्या मध्येच उघडा पडतो, फुटनोट्स सगळ्या फाइलच्या तळाशी जमा होतात, आणि अख्खी हेल्प एकच लांबलचक पान होऊन बसते.

बरोबर क्रम असा. आधी पेज ब्रेकवर विषय वेगळे करा, मग # ची फुटनोट फाइलचं नाव म्हणून, $ ची शीर्षक म्हणून, के वाली इंडेक्ससाठी बाजूला, मग अंडरलाइन आणि हिडनची जोडी शोधून तिची लिंक करा, आणि शेवटी उरलेलं फॉरमॅटिंग. मायक्रोसॉफ्टच्या एचटीएमएल हेल्प वर्कशॉपमध्ये नवीन प्रोजेक्ट करताना जुना विनहेल्प प्रोजेक्ट कन्व्हर्ट करायचा पर्याय आहे, त्याला एचपीजे दिली की यातलं बरंचसं ते करतं. निघणारं एचटीएमएल नव्वदच्या दशकातलं असतं, फॉन्ट टॅग्जनी भरलेलं, पण विषय सुटे होतात आणि लिंक्स जगतात, बाकी धुऊन काढता येतं. हेल्प ॲन्ड मॅन्युअलसारखी विकत मिळणारी टूल्सही आहेत, विषय हजारोंच्या घरात असतील तर पैसे वसूल, शंभर-दीडशे विषयांसाठी छोटी पायथन स्क्रिप्ट पुरते.

आमची हेल्प मराठीत होती. बाहेर काढल्यावर सगळा कचरा दिसतोय, इंग्लिश अक्षरं आणि चिन्हं.

कचरा नाही, ते मराठीच आहे, फक्त जुन्या फॉन्टच्या वेशात. त्या काळात श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचं आयएसएम वापरून टाइप केलेलं असायचं. या फॉन्ट्समध्ये अक्षराचा कोड इंग्लिशचा किंवा कुठल्यातरी चिन्हाचा आणि त्यावर चित्र मराठीचं, त्यामुळे फॉन्ट गेला की मराठी गेली. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी नीट आली ती विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टबरोबर, आणि विनहेल्पला युनिकोड कधी समजलंच नाही, म्हणजे एचएलपीमध्ये मराठी असेल तर ती अशाच फॉन्टमध्ये असणार.

युनिकोडमध्ये करायचं तर एचटीएमएल करण्याआधी, आरटीएफमध्ये असतानाच करा. आरटीएफमध्ये कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते लिहिलेलं असतं, म्हणून फक्त मराठी फॉन्टचे तुकडे कन्व्हर्टरमधून काढता येतात आणि मधले "एंटर दाबा" मधले इंग्लिश शब्द, बटणांची नावं, आकडे जसेच्या तसे राहतात. एकदा एचटीएमएल करताना फॉन्टची माहिती उडाली की मग "प्रिंट" हा इंग्लिशमध्ये लिहिलेला शब्दसुद्धा कन्व्हर्टर मराठी समजून त्याचं भजं करतो.

कन्व्हर्टर बरोबर आहे का ते बघायला "आर्थिक" हा एक शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप होतात, म्हणजे आ, मग पहिली वेलांटी, मग थ, मग वरचा रफार, मग क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी थ च्या पुढे न्यायची आणि रफार थ च्या मागे आणायचा. जे कन्व्हर्टर नुसतं अक्षराला अक्षर बदलतात ते इथे हमखास मार खातात. "आर्थिक", "वार्षिक", "निर्मिती", "मर्यादित", "किरकोळ विक्री", "दुरुस्ती" एवढे शब्द नीट आले की बाकी फाइल त्याच्यावर सोडायला हरकत नाही. तरीही आर्थिक पत्रकांची, म्हणजे व्याज, दंड, हप्ते यांची पानं माणसाने एकदा वाचावीत, तिथे एक मात्रा इकडची तिकडे झाली तर भांडण होतं.

आणि हो, श्रीलिपीतसुद्धा एकच कोडिंग नाही, वेगवेगळ्या आवृत्त्यांचे फॉन्ट वेगळे, त्यामुळे आरटीएफच्या वरच्या फॉन्ट यादीतलं नेमकं नाव बघून मगच कन्व्हर्टर निवडा.

कोडमध्ये शेकडो ठिकाणी हेल्प जोडलेली आहे. सगळी बदलायची?

नाही, आणि याच कामात सगळ्यात जास्त डोकं लावा असं मी सांगेन, कारण मजकूर पुन्हा लिहिता येतो, पण कुठल्या स्क्रीनवरून कुठलं पान उघडतं ही जोडणी हरवली तर ती परत बसवायला अख्खं सॉफ्टवेअर क्लिक करत फिरावं लागतं.

प्रत्येक फॉर्म, टेक्स्टबॉक्सला एक नंबर दिलेला असतो, व्हीबीमध्ये हेल्पकॉन्टेक्स्टआयडी, डेल्फीमध्ये हेल्पकॉन्टेक्स्ट. समजा पावती रद्दचा नंबर १०४० आहे. एचपीजे फाइलच्या मॅप भागात लिहिलेलं असतं की आयडीएच_पावतीरद्द म्हणजे १०४०. हे नंबर बदलू नका, एकही नाही, कितीही वेडेवाकडे दिसले तरी. सीएचएममध्ये जाणार असाल तर नवीन एचएचपी (सीएचएमची प्रोजेक्ट फाइल) प्रोजेक्टमध्ये मॅप भाग तसाच आणायचा आणि वर अलियास नावाचा भाग घालायचा, ज्यात आयडीएच_पावतीरद्द म्हणजे अमुक एचटीएम फाइल असं लिहायचं. व्हीबी ६ मध्ये ॲपच्या हेल्पफाइलला सीएचएमचं नाव दिलं की एफ१ चालू होतो, मेनूमधून कॉमन डायलॉगने हेल्प दाखवली असेल तर ते मात्र फक्त विनहेल्पसाठीच होतं, तिथे एचटीएमएलहेल्प हे एपीआय फंक्शन घालावं लागेल. नवीन डेल्फीमध्ये यूजेसमध्ये एचटीएमएलहेल्पव्ह्यूअर युनिट टाकायचं, ते राहिलं की काहीच होत नाही आणि माणूस दिवसभर फाइलचा पाथ तपासत बसतो. व्हिज्युअल सी++ च्या एमएफसीमध्ये ॲपच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एनेबलएचटीएमएलहेल्प बोलवायचं.

एचटीएमएल फोल्डरकडे जाणार असाल तर एक छोटं फंक्शन लिहा, नंबर आत, फाइलचं नाव बाहेर, यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये. सगळी हेल्प एकाच पानात ठेवून # लावून मधल्या भागावर उडी मारायचा विचार असेल तर सोडून द्या, शेलएक्झिक्यूट या विंडोजच्या फंक्शनने लोकल फाइल उघडताना विंडोज # च्या पुढचं कापून टाकतं आणि माणूस पानाच्या टोकावरच उतरतो. म्हणून एक नंबर, एक फाइल.

पॉपअपचं काय करायचं? प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी माहिती यायची ती.

सीएचएममध्ये पॉपअप आहेत पण फक्त साधा मजकूर, ठळक-तिरपं काही नाही, चित्र नाही. वेबवर जात असाल तर शब्दार्थांचं एक पान करा आणि फील्डची माहिती त्या स्क्रीनच्या पानातच टाका. कुणाला फरक पडत नाही.

आणि मॅक्रो, वरची बटणं?

सोडून द्या.

चित्रं फार खराब दिसतात.

१६ रंगांची असणार. एसएचजी फाइल्स म्हणजे चित्रावर क्लिक करायच्या जागा आखलेल्या, त्या जागा एचटीएमएलच्या इमेज मॅपमध्ये नेता येतात, पण खरं सांगायचं तर नवीन स्क्रीनशॉट घेणं लवकर होतं. विंडोज ९८ च्या करड्या खिडक्या बघून नवीन पोरांना कळत नाही हे आपलंच सॉफ्टवेअर आहे.

सीएचएम उघडते, डावीकडे यादी दिसते, उजवीकडे पान कोरं किंवा "नेव्हिगेशन कॅन्सल्ड".

फाइल मेलवरून किंवा नेटवरून आली असेल तर विंडोज तिच्यावर खूण लावतं, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक. फाइल सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमधून उघडत असेल तर अनब्लॉकने भागणार नाही, २००५ च्या सिक्युरिटी अपडेटपासून नेटवर्कवरची सीएचएम अडवली जाते. रजिस्ट्री बदलून सूट देता येते पण देऊ नका, इन्स्टॉलरने फाइल प्रत्येक मशीनवर कॉपी करा. ज्यांचं सॉफ्टवेअरच सर्व्हरच्या शेअरवरून चालतं, आणि असे आपल्याकडे पुष्कळ, त्यांना हे पहिल्याच दिवशी भोवतं. तिसरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही: फोल्डरच्या नावात # असेल तरीही पान कोरंच येतं.

बिल्ड स्क्रिप्ट म्हणते कंपाइल फेल, पण सीएचएम तर बनलेली असते?

सीएचएम बनवणारा एचएचसी कंपायलर जगाच्या उलटा चालतो. यश आलं तर १ परत करतो, फेल झाला तर ०. स्क्रिप्टमध्ये अट उलटी करा.

हेल्प उघडी ठेवून प्रोग्राम बंद केला की क्रॅश होतो. पूर्वी होत नव्हता.

पूर्वी विनहेल्प वेगळा प्रोग्राम म्हणून चालायचा, आता सीएचएमची खिडकी तुमच्याच प्रोग्रामच्या आत चालते. मुख्य फॉर्म बंद होण्याआधी एचटीएमएलहेल्प फंक्शनला एचएच_क्लोज_ऑल हा आदेश पाठवा. हेल्पची खिडकी सारखी फॉर्मच्या वर येऊन बसते ही तक्रारही याच्यामुळेच, एपीआयला मालक खिडकी म्हणून फॉर्मऐवजी डेस्कटॉप दिला की ती मागे जायला लागते.

हे सगळं करायला किती वेळ लागेल?

विषय किती आणि त्यातले जिवंत किती यावर. कन्व्हर्ट करायला बसण्याआधी $ ची सगळी शीर्षकं एका एक्सेलमध्ये काढा आणि जो माणूस गिऱ्हाइकांचे फोन घेतो त्याच्या शेजारी बसून एकेक खोडा. फ्लॉपीवर बॅकअप घेणे, डॉट मॅट्रिक्सची सेटिंग, मोडेमने डेटा पाठवणे, विक्रीकराचं रिटर्न. महाराष्ट्रात व्हॅट आला १ एप्रिल २००५ ला, जीएसटी १ जुलै २०१७ ला, आणि हेल्पमध्ये मात्र अजून सेल्स टॅक्सचं पान दिमाखात उभं असतं. (डॉट मॅट्रिक्स खोडण्याआधी मात्र विचारून घ्या, तीन प्रतींचं बिल काढणारी दुकानं अजून आहेत.) अशी निम्मी पानं गेली की काम निम्मं होतं. स्क्रीनचा नंबर मात्र खोडायचा नाही, तो जवळच्या दुसऱ्या पानाकडे वळवायचा, म्हणजे एफ१ दाबलं की काहीतरी उपयोगाचं उघडेल.

सगळं झाल्यावर जुनी एचएलपी काढून टाकायची का?

गिऱ्हाइकाच्या मशीनवरून हो, अपडेटच्या इन्स्टॉलरमधूनच. एचएलपीबरोबर सीएनटी, आणि जीआयडी नावाची एक लपलेली फाइल जी विनहेल्प पहिल्यांदा उघडताना स्वतः बनवायचं, असली तर सर्चसाठीची एफटीएस पण. जीआयडी हिडन असते, इन्स्टॉलरच्या यादीत नसते कारण ती इन्स्टॉलरने टाकलेलीच नसते, म्हणून तिचं नाव वेगळं लिहावं लागतं, नाहीतर अनइन्स्टॉल केल्यावरही फोल्डर तसंच राहतं. तुमच्याकडे मात्र मूळ एचएलपी, हेल्पडेकोने काढलेल्या आरटीएफ आणि वापरलेले मराठी फॉन्ट एकत्र झिप करून ठेवा. फॉन्ट विसरू नका, ते नसतील तर युनिकोडमध्ये एखादा आकडा किंवा शब्द चुकलाय का हे पुढे ताडून बघायला मूळ मजकूर वाचताच येणार नाही.